नागरिकशास्त्र शिकवायचंय? एमए-बीएडच्या फीची सोय अशी करा

सहावी ते आठवीत नागरिकशास्त्र, नववी-दहावीत राज्यशास्त्र. दोन्ही ठिकाणी हा विषय इतिहासाच्या पुस्तकात मागची पानं धरून बसलेला. पैशाच्या बाबतीतही तीच गत. अमेरिकेत जेम्स मॅडिसन फेलोशिप खास याच शिक्षकांच्या एमएसाठी आहे, कमाल २४,००० डॉलरची, पण ती तिथल्यांनाच. आपल्याकडे विषय कुणी विचारत नाही. उत्पन्न, प्रवर्ग आणि प्रवेश कसा घेतला एवढंच बघतात.

म्हणून आधी ठरवा, रेग्युलर की दूरस्थ. नोकरी करणाऱ्यांनी एमए राज्यशास्त्र इग्नू किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्रातून करावं. तिथली फी पगारातून झेपते, कर्ज काढायची गरज नाही.

रेग्युलर एमए करणाऱ्यांसाठी यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे: महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने. वय ३० च्या आत हवं, निवड पदवीच्या गुणांवर. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. दूरस्थवाल्यांना ही मिळत नाही.

बीएडला सीईटी द्या आणि जागा कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. घराजवळचं कॉलेज मिळतंय म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीत, तर फीची सवलत गेली. कॅपमधून आलात आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मी ट्यूशन फी सुटते. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आणि दुसऱ्या वर्षी रिन्युअल विसरू नका.

उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार'वरून किंवा सेतूतून काढा. इथे नवी मुंबईकर हमखास गोंधळतात. ऐरोली, वाशी, नेरुळ ते बेलापूर हे ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाच रायगड. ऑनलाइन अर्जात तालुका चुकला की अर्ज परत, आणि तोवर महाडीबीटीची तारीख डोक्यावर.

शेवटचं काम बँकेत. माझ्या बीएडच्या वेळी पोर्टल म्हणत होतं पैसे जमा, आणि पासबुकात शून्य. मी तीन आठवडे कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालत होते. पैसे निघाले बारावीत काढलेल्या, विसरलेल्या खात्यात, कारण सरकारी पैसे (डीबीटी) घेण्यासाठी आधारला जोडलेलं, म्हणजे 'सीडिंग' झालेलं खातं तेच होतं. फॉर्मवर मी कुठला नंबर लिहिला होता याला काडीची किंमत नव्हती. बँकेत 'आधार लिंक आहे का' असं विचारलंत तर 'हो' म्हणतील. 'डीबीटीसाठी सीडिंग याच खात्याला आहे का' असं विचारा, आणि तेही अर्ज भरायच्या आधी.