घरून वेबसाइट बनवायचा धंदा, पोर शाळेत असतानाच्या अडीच तासांत

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिले सहा महिने सगळ्यांना वाटत होतं की माझी नोकरी गेलीय. सकाळी मुलीचा डबा भरायचा, तिला बसमध्ये बसवायचं, येताना मेथीची जुडी घेऊन वर यायचं आणि मग दिवसभर बनियनवर घरात. दुसऱ्या मजल्यावरचे काका एकदा लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, "बायोडेटा दे रे, ओळखीत आहे एक." बायको नर्स आहे, तिच्या शिफ्टा फिरत्या, त्यामुळे घरी कोणीतरी एकाने थांबायचं होतं, तो मी. आता चार वर्षं झाली, भांडुपच्या वन बीएचकेमधून वेबसाइट बनवतो, त्याच काकांच्या जावयाच्या क्लासची साइटपण मीच केलीय. पोरं लहान असलेले बरेच जण विचारतात की कसं सुरू करायचं, म्हणून एकदाच सगळं टाइप करतोय.

सगळ्यात आधी लॅपटॉप, कोर्स, लोगो हे काहीच करू नका. एक आठवडा वहीत तास लिहा. पण दोन रकाने करा, सलग तास वेगळे आणि तुकड्यातले वेगळे. माझी मुलगी तेव्हा ज्युनिअर केजीला होती, बस ८.४० ला जायची आणि १२.१५ ला यायची, म्हणजे कागदावर साडेतीन तास दिसतात, पण त्यातून कपडे, चहा, कुकर, बेल वाजवणारे लोक काढले की अडीच तास उरतात. रात्री ती झोपल्यावर दीडेक तास, तोही बायकोची नाइट नसेल तर. आठवड्याचे धरून चालायचे १५. हेच तुमचं भांडवल, बाकी सगळं उधार मिळतं. डिझाइन आणि कोड सलग तासातच करायचा. फोटो छोटे करणं, बिलं पाठवणं, क्लायंटला उत्तर देणं हे तुकड्यात होतं, कुकरच्या शिट्ट्या मोजतानापण होतं. मी सुरवातीला उलटं करायचो, सकाळी फ्रेश असताना मेल बघत बसायचो आणि रात्री डोळे मिटत असताना लेआउट, मग सकाळी उठून तेच परत.

शिकायचं म्हणाल तर चाळीस हजाराच्या क्लासला जायची गरज नाही. एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या शिकायच्या दोन साइट फुकट आहेत आणि चांगल्या आहेत. आधी एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रूप) हाताने लिहून एक तरी साइट करा, भले घरातल्या कोणाची असेना, आणि नंतर वर्डप्रेसकडे, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरकडे जा. वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. पण नुसतं ओढून-टाकून पानं बनवायचे जे बिल्डर असतात त्यावरच विसंबलात तर एक दिवस मेनू मोबाइलवर फाटतो आणि का फाटला ते कळत नाही, तेव्हा हाताने लिहिलेलं सीएसएस उपयोगी येतं. तीन-चार महिने द्या याला. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा चालतो, १६ असेल तर बरं, सेकंडहँडपण चालतो. एक जुना स्वस्तातला अँड्रॉइड फोन मात्र जपून ठेवा, प्रत्येक साइट त्याच्यावर उघडून बघायची, कारण गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइक तसल्याच फोनवर, लोकलमध्ये लटकत साइट बघणार आहे. आणि इंटरनेट ज्या कंपनीचं त्याच कंपनीचं सिम हॉटस्पॉटला ठेवू नका, दुसऱ्या कंपनीचं घ्या. पावसाळ्याआधी रस्ते खोदतात तेव्हा केबल कापली जाते, हे मुंबईत कोणाला सांगायला नको.

पहिलं काम कुठून आणायचं? परदेशी क्लायंटच्या पोर्टलवर मी दोन महिने घालवले, काही हाती लागलं नाही, रात्री त्यांची सकाळ असते आणि आपलं पोर उठलेलं असतं. आपल्या गल्लीत बघा. क्लासवाले, डेंटिस्ट, डबा देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, छोटे हॉल. आणि खरं सांगायचं तर यातल्या अर्ध्या लोकांना साइट लागतच नाही, गूगलवर बिझनेस प्रोफाइल नीट भरलं, फोटो टाकले, वेळ बरोबर टाकली की त्यांचं काम भागतं. ते त्यांना तसंच सांगा आणि तेवढं करून द्यायचे थोडे पैसे घ्या. मला वाटायचं असं सांगून आपण धंदा घालवतोय, पण तीच माणसं पुढे दुसऱ्याला पाठवतात.

माझं पहिलं पैसे देणारं गिऱ्हाइक म्हणजे मुलुंडच्या एक फराळवाल्या काकू. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मीटिंग झाली, त्या चकलीची भाजणी भाजत होत्या, घरभर वास, आणि उलथनं न थांबवता मला भाव सांगत होत्या, "चकली लिही, नाही नको लिहू, तेलाचा भाव काय होतोय बघू आधी." तिथेच कळलं की यांना सुंदर साइट नकोय, भावाचं एक पान हवंय जे त्या स्वतः फोनवरून बदलू शकतील, आणि खाली एक बटण जे दाबलं की सरळ व्हॉट्सॲप उघडेल. तेवढंच केलं. मी घेऊन गेलेलं सरकत्या फोटोंचं डिझाइन पिशवीतच राहिलं. त्यांना नवरात्रात ऑर्डरी सुरू होतात म्हणून दसऱ्याच्या आत हवी होती, आणि मला मजकूर मिळाला घटस्थापनेच्या आदल्या दिवशी.

यावरून पुढचा नियम. साइटला उशीर डिझाइनमुळे होत नाही, मजकूर आणि फोटो न आल्यामुळे होतो. म्हणून कोटेशनमध्येच लिहा की चार आठवडे हे सगळा मजकूर आणि फोटो हातात आल्या दिवसापासून मोजायचे. मला पाच पानांच्या साइटला साधारण ३० तास लागतात, म्हणजे माझ्या हिशोबाने दोन आठवडे, पण सांगतो चार. कारण महिन्यातून एकदा ताप येतोच, शाळेचा सहा वाजता मेसेज येतो की जोरदार पावसामुळे आज सुट्टी, आणि गणपतीत तर पाच-सात दिवस सोडूनच द्यायचे.

आता मराठी मजकुराबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे आपला फायदा आहे, मोठ्या एजन्सीत याकडे कोणी बघत नाही. काकूंनी मला त्यांच्या हँडबिलची फाइल दिली, डीटीपीवाल्याने श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये केलेली. ती कॉपी करून साइटवर टाकली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे, युनिकोड (सगळीकडे चालणारी आजची पद्धत) नाही. कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं चुकतात, एकेक शब्द वाचूनच घ्यावा लागतो. थोडा मजकूर असेल तर फोनवर मराठीत बोलून टाइप करून घ्यायचा, लवकर होतं. फॉन्टसाठी मी 'मुक्त' नावाचा वापरतो, आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या मंडळींनी केलेला, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, हेडिंगला त्यांचाच बलू पण छान दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त द्या, मी १.७ ठेवतो, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. लेटर-स्पेसिंग तर देऊच नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. कोडमध्ये पानाची भाषा मराठी म्हणून सांगा, हिंदी ठेवू नका, म्हणजे ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे पाकळीचा ल आणि देठाचा श आपला येतो. फॉन्ट पक्का करायच्या आधी मी 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'ॲसिडिटी', 'शाळा' हे चार शब्द टाकून बघतो. काही जुन्या फॉन्टांत ॲच्या जागी चौकोन येतो. आणि देवनागरीत डोमेन, म्हणजे साइटचा पत्तापण मिळतो, डॉट भारत २०१४ पासून आहे, हौस म्हणून घ्या, पण बोर्डावर छापायला इंग्रजीतलं साधं डॉट इनच द्या, फोनवर सांगता येतं.

डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) कायम गिऱ्हाइकाच्या नावाने, त्यांच्या ईमेलने घ्यायचं, हे लिहूनच ठेवा कुठेतरी. माझ्याकडे एक क्लासवाले आले होते ज्यांचं डोमेन आधीच्या डिझायनरने स्वतःच्या नावाने घेतलेलं आणि तो फोनच उचलत नव्हता, दहा वर्षांची पॅम्फ्लेटं त्या नावावर छापलेली. शेवटी नवीन नाव घ्यावं लागलं. होस्टिंगचं अजून एक म्हणजे पहिल्या वर्षाचा भाव कमी असतो आणि रिन्यूअलला तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, तो आकडा आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी चोर आपण ठरतो.

पैशाचं. पहिल्या साइटचे मी ४,००० घेतले आणि ८० तास घातले. तासाला पन्नास. आमच्या पोळ्यावाल्या मावशी त्यापेक्षा जास्त घेतात, आणि बरोबरच घेतात. आता मी अंदाजाचे तास धरतो, त्याचे दीडपट करतो आणि मग तासाच्या भावाने गुणतो, कारण दीडपट लागतातच. अर्धे पैसे आधी, यूपीआयवर आल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही, उरलेले साइट लाइव्ह करायच्या आधी, नंतर नाही. दोनदा बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे. ओळखीच्या माणसालापण हेच, उलट ओळखीच्यालाच आधी सांगायचं. पण पालकांसाठी खरी गंमत वार्षिक मेंटेनन्समध्ये आहे. अपडेट, बॅकअप, छोटे बदल, रिन्यूअलची आठवण, याचे मी वर्षाला ६,००० घेतो, अशी १४ गिऱ्हाइकं आहेत, म्हणजे ८४,००० पोर आजारी पडलं तरी येतात, आणि हे सगळं काम तुकड्यातल्या वेळात होतं. नवीन साइटच्या मागे धावून हे जमत नाही.

कागदपत्रं पटकन सांगतो. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि सरकारी साइटवर ती फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती एजंटची समजा. जीएसटी सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागतो, सुरवातीला ते टेन्शन नको. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-ऑफिसच्या नोंदणीचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. बिलांना ओळीने नंबर द्या. क्लायंट कंपनी असेल तर टीडीएस, म्हणजे आधीच कर कापून पैसे देऊ शकते, तो आपल्या पॅनवर दिसतोय ना बघत राहा. बाकी एक सीए गाठा आणि बदल्यात त्याची साइट करून द्या, मी तेच केलं. सोसायटीत दारावर बोर्ड लावू नका आणि क्लायंटला घरी बोलावू नका, मीटिंग त्यांच्या दुकानात.

पोर घरात असताना काय करायचं नाही, तेपण ऐका. फोन मी १० ते १२ मध्येच घेतो आणि का ते सरळ सांगतो, एकाही गिऱ्हाइकाने नाक मुरडलं नाही. लाइव्ह साइटवर थेट बदल करायचे नाहीत. हे मी स्वतः मोडलं होतं. एका डेंटिस्टच्या साइटचं हेडिंग बदलत होतो, दूध उतू गेलं म्हणून उठलो, तेवढ्यात आमच्या लेकीबाई खुर्चीत. परत आलो तर ती शहाण्यासारखी चित्रं काढत बसलेली, मी सेव्ह दाबलं आणि बंद केलं. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन, "अहो, आमच्या नावापुढे ककककक असं काय लिहिलंय?" तेव्हापासून बदल आधी कॉपीवर, मग लाइव्ह, आणि उठताना स्क्रीन लॉक, मग गॅसवर काहीही जळो. साइट लाइव्ह करायची ती मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी केलीत तर शनिवार-रविवार पोराला बागेत नेऊन तिथे फोनवर एरर शोधत बसाल.

आणि मे महिना. १५ एप्रिलपासून शाळा सुरू होईपर्यंत मी नवीन काम घेतच नाही, फक्त मेंटेनन्स, आणि हे गिऱ्हाइकांना फेब्रुवारीतच कळवतो. ज्यांची डोमेनं मेमध्ये संपतात त्यांची मार्चमध्येच रिन्यू करून टाकतो, कारण गावी आमच्या घराच्या मागे, फणसाखाली उभं राहिलं तरच एक दांडी रेंज येते, आणि त्या जागेवर आधीच बायकोची आत्या उभी असते.