साथीच्या काळात परदेशी सहल बुक करताय? या चुका टाळा

कुठं साथीची बातमी आली की परदेशी सहलींचे दर उतरतात, आणि दर उतरले की माझा फोन वाजायला लागतो. 'दुबई एवढ्यात परत मिळणार नाही म्हणतेत, करून टाकू का?' मी परभणीत तिकीट-व्हिसाची कामं करतो. कोविडची ती दोन-अडीच वर्षं फार जवळून पाहिली. ज्यांचे पैसे अडकले, जे विमानतळावरून परत आले, त्यातल्या बहुतेकांचं नुकसान बुकिंगच्या दिवशीच ठरून गेलं होतं. पैसे मोजताना त्यांनी एवढंच विचारायला हवं होतं: हे रद्द झालं तर माझे पैसे कोणाच्या खात्यात असतील, आणि ते परत द्यायला तो माणूस कोणत्या कागदानं बांधलेला आहे? साथ कुठलीही येवो, चुका त्याच होतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पैसे दिले, पण नक्की कोणाला?

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती पूर्ण टाळता येते.

सेलू तालुक्यातले एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटी हातात आली तेव्हा बाईंना युरोप दाखवायचं ठरलं. जानेवारी २०२० मध्ये मे महिन्याची टूर बुक केली. टूर मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची, पण पैसे घेतले जिल्ह्यात फिरून गिऱ्हाईक गोळा करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं. 'जावयाचा मित्र आहे, घरचाच आहे.' काही रक्कम चेकनं, तीही त्या माणसाच्या नावानं, आणि उरलेली रोख.

१७ मार्चला युरोपीय संघानं बाहेरच्या प्रवाशांना दार बंद केलं. त्याच आठवड्याच्या शेवटी भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. गुरुजी पावसाळ्यात माझ्याकडं आले ते कागदांची पिशवी घेऊन. त्यात ती पावती होती. साध्या लेटरहेडवर निळ्या पेनानं लिहिलेलं: 'युरोप टूर, दोन माणसं, चार लाख वीस हजार मिळाले.' खाली सही. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, कंपनीचा बुकिंग नंबर नाही. कुठली टूर, कोणत्या तारखेची, रद्द झाली तर काय, एक अक्षर नाही.

मी दोन्हीकडं फोन लावले. कंपनी म्हणाली, या नावावर आमच्याकडं एक लाख जमा आहेत, त्याची क्रेडिट नोट देतो, पुढच्या वर्षी या, दरातला फरक तेवढा भरा. मधला माणूस म्हणाला, मी सगळे पुढं पाठवले. गुरुजी एवढंच म्हणत होते, 'पण पैसे तर आमचेच हायेत ना?' होते त्यांचेच. पण ते तसे असल्याचा कागद कंपनीकडं फक्त एका लाखाचा होता. क्रेडिट नोटेला मुदत होती, आणि तोवर गुरुजींची अँजिओप्लास्टी झाली होती. युरोपचा विषयच संपला.

लेखी नोटीस गेल्यावर कंपनीनं तो लाख रोख परत केला. चेकची रक्कम बँकेच्या उताऱ्यावर दिसत होती, ती त्या माणसानं रखडत, हप्त्याहप्त्यानं दिली. रोख दिलेले पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. त्या पैशांची साक्ष द्यायला त्या लेटरहेडशिवाय काहीच नाही, आणि त्यावरचा आकडा मी पुढं पोचवला, असं तो माणूस आजही म्हणतो.

तेव्हापासून माझ्याकडच्या गिऱ्हाइकाला मी टूरचे पैसे थेट कंपनीच्या बँक खात्यावर भरायला लावतो. माझं कमिशन मला कंपनी देते, गिऱ्हाइकाचे पैसे माझ्या हातून जायची गरजच नाही. क्रेडिट कार्ड असेल तर कार्डानं भरा, सेवा मिळाली नाही तर बँकेकडं रक्कम परत मागायची एक वाट उघडी राहते. त्याच दिवशी कंपनीचा बुकिंग नंबर ईमेलवर आला पाहिजे. आला की कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला (मधल्या माणसानं दिलेल्या नाही) फोन करून विचारायचं, या नावावर किती जमा आहेत? पाच मिनिटं लागतात. लोक या पाच मिनिटांचा कंटाळा करतात आणि नंतर वर्षभर फोन करत बसतात.

अजून एक खूण सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (पॅकेज विकणाऱ्यानं तुमच्याकडून घेऊन सरकारकडं भरायचा आयकर) कापला जातो. सुरुवातीला तो ५ टक्के होता, पुढं दर बदलत गेले. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि काही महिन्यांनी आयकर खात्याच्या वेबसाइटवरच्या तुमच्या कर-उताऱ्यात (फॉर्म २६एएस) दिसतो. तिथं दिसला नाही तर तुमचं पॅकेज तुमच्या नावानं नोंदलंच गेलेलं नाही असं समजून चौकशीला लागा. टूर रद्द झाली तर या रकमेचा हिशेबही वेगळा मागून घ्या, रिफंडमध्ये तिचा उल्लेखच नसतो असं मी पाहिलंय.

घाबरून आधीच रद्द करणं

हे शिकलेसवरलेले लोकही करतात. बातम्या पाहून रात्री झोप येत नाही, आणि सकाळी उठून ॲपवर तिकीट रद्द. दोन दिवसांनी विमान कंपनी स्वतःच ते विमान रद्द करते. शेजारच्या सीटवाल्याला रिफंड किंवा क्रेडिट मिळतं, तुमच्या तिकिटातून मात्र कॅन्सलेशन चार्ज कापून जातो, कारण रद्द तुम्ही केलं होतं.

मी बटण दाबायच्या आधी कागद-पेन घेऊन बसतो. आज रद्द केलं तर किती कापतील, कापायची पुढची तारीख कोणती, आणि तोवर विमान कंपनीच रद्द करायची शक्यता किती. नुसतं विमानाचं तिकीट असेल तर बहुतेक वेळा थांबणं परवडतं. टूरचं गणित उलटं असतं. निघायची तारीख जवळ येते तसा कापला जाणारा हिस्सा वाढत जातो, तिथं फार थांबलात तर पूर्ण रक्कम जाते. दोन्हींना एकच नियम लावणाऱ्यांनीच जास्त गमावलं.

'सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, सगळे पैसे मिळणार,' हे वाक्यही मी फार ऐकलं. १ ऑक्टोबर २०२० चा तो निकाल विमानाच्या तिकिटांपुरता होता. लॉकडाऊनच्या काळातच काढलेल्या, त्याच काळातल्या प्रवासाच्या तिकिटांना पूर्ण रिफंड होता, तर आधीच्या तिकिटांसाठी अडचणीतल्या विमान कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंतच्या क्रेडिट शेलची (रोख न देता पुढच्या तिकिटासाठी रक्कम जमा ठेवायची) मुभा होती. टूरमधली हॉटेलं, बस, प्रवेशतिकिटं त्यात कुठंच नव्हती. व्हॉट्सॲपवरची दोन ओळींची बातमी वाचून हक्क सांगायला गेलात तर समोरचा पहिल्याच वाक्यात तुम्हाला गप्प करतो. निकाल पूर्ण वाचा, नाहीतर वाचलेल्या माणसाला सोबत न्या.

घोषणेच्या दिवशी बुकिंग

२६ नोव्हेंबर २०२१ ला भारत सरकारनं सांगितलं की १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू होणार. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं ओमायक्रॉनचं नामकरण केलं. १ डिसेंबरला सरकारनं तो निर्णय पुढं ढकलला. सेवा खरोखर सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. घोषणा आणि माघार यांच्या मधल्या चार-पाच दिवसांत घाईनं नाताळाची तिकिटं काढलेले लोक मला माहीत आहेत.

दार उघडलेला देश परत बंद व्हायला वेळ लागत नाही. जुलै २०२० मध्ये खुल्या झालेल्या मालदीवनं मे २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या पर्यटकांना परत थांबवलं. एप्रिल २०२१ मध्ये अमिरातीनं भारतातून येणारी विमानं बंद केली. थायलंडनं १ नोव्हेंबर २०२१ ला विलगीकरणाशिवाय प्रवेश सुरू केला आणि २२ डिसेंबरला नवे अर्ज घेणं थांबवलं. आणि या सगळ्याच्या आधी, २७ फेब्रुवारी २०२० ला, सौदीनं बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांचा उमराह (मक्केची यात्रा) एका दिवसात बंद केला. आपल्याकडं संभाजीनगर, परभणी, बीडमधून उमराहला जाणारी मंडळी आयुष्यभराची बचत लावतात. अशा वेळी पैसे भरण्याची घाई करायला लावणारा ऑपरेटर तुमच्या भल्याचं बोलत नसतो, हे मी तोंडावर सांगतो आणि त्याबद्दल शिव्याही खातो.

देश उघडला की मी महिनाभर नुसतं पाहतो. विमानं ठरल्याप्रमाणे सुटतात का, गेलेले लोक परत येतात का. हंगाम गेला तरी चालेल.

चाचणीचे तास आणि नावाची अक्षरं

नांदेडकडची मंडळी मुंबईऐवजी हैदराबादहून उडतात, ते सोयीचंही आहे. २०२१ च्या अखेरीस असंच एक कुटुंब दुबईला मुलाकडं निघालं. दुबईसाठी तेव्हा आरटी-पीसीआर ४८ तासांच्या आतला लागायचा आणि निघायच्या विमानतळावर सहा तासांच्या आत आणखी एक रॅपिड पीसीआर. यांनी ४८ तास मोजले ते रिपोर्टच्या वेळेपासून. मोजायचे असतात नमुना दिल्याच्या वेळेपासून. नमुना त्याच्या बरंच आधी दिलेला, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी उशिरा आला, आणि विमानाच्या वेळेला मुदत उलटून गेली होती. त्यातच वाटेत गाडी पंक्चर झाली आणि विमानतळावरच्या चाचणीची रांगही हातची गेली. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे रिपोर्टवरच्या 'नमुना घेतल्याची वेळ' या ओळीवर बोट ठेवलं. चौघांची तिकिटं वाया.

नमुना, रिपोर्ट आणि विमान या तिन्ही वेळा मी एका कागदावर उभ्या लिहून देतो, आणि विमानतळाच्या शहरात आदल्या दिवशीच मुक्काम करायला लावतो. लॉजचे पैसे वाचवू नका.

नावाचंही तसंच. आधारवर 'बालाजीराव', पासपोर्टवर 'बालाजी', लसीच्या प्रमाणपत्रावर आधारचं नाव. आपल्याकडं हे घरोघरी आहे. कोविन पोर्टलवर पासपोर्ट नंबर जोडून नाव दुरुस्त करायची सोय नंतर आली, पण ती लोकांना विमानतळावर आठवायची. आणि लस घेतली म्हणजे ती सगळीकडं चालते असंही नाही. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला, तोवर अनेक देशांच्या लेखी ती लस घेतलेला माणूस बिनलसीचाच होता. ११ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ब्रिटन कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांनाही दहा दिवस विलगीकरणात ठेवत होतं. जायच्या देशाचा नियम त्या देशाच्याच सरकारी वेबसाइटवर वाचायचा, वाटेत विमान बदलणार असाल तर त्या देशाचाही, आणि परतीच्या दिवशी भारताचाही.

त्या काळात 'पाचशे जास्त घ्या, निगेटिव्ह रिपोर्ट द्या' असं मला सरळ विचारणारे होते. अशा माणसाचं काम मी केलं नाही आणि करणार नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की खोटा रिपोर्ट उघडा पडतो, गुन्हा दाखल होतो, आणि विमानात शेजारी कोणाची तरी म्हातारी आई बसलेली असते.

बाकीचं थोडक्यात

विमा घेताना 'कोविड कव्हर' हे शब्द पाहून थांबू नका. बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झालात तर पैसे देत होत्या. लक्षणं नाहीत पण पॉझिटिव्ह म्हणून हॉटेलात अडकलात तर ते बिल तुमचंच. साथीची बातमी फुटल्यावर घेतलेल्या विम्यात ती साथच वगळलेली असू शकते, म्हणून वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. भीती वाटली म्हणून सहल रद्द केली, याला सहसा कुठलाच विमा पैसे देत नाही.

व्हिसाची फी परत मिळत नाही. देश बंद झाला तरी नाही.

मुंबईपर्यंतचं तिकीट आणि पुढचं परदेशाचं तिकीट वेगवेगळं काढलं तर एक रद्द झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. जमेल तिथं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढा.

बीपी, शुगरच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या न्या, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत. अडकून पडलेल्यांना सगळ्यात आधी गोळ्यांची चिंता लागली होती.

नोकरीवाल्यांनी परतीच्या दुसऱ्याच दिवशी हजर व्हायचं ठरवू नये. जानेवारी २०२२ मध्ये परदेशातून येणाऱ्या सगळ्यांना सात दिवस घरात बसावं लागलं होतं.

क्रेडिट नोट स्वीकारायची तर मुदत, दुसऱ्याला देता येते का, आणि न वापरल्यास रोख मिळते का, हे तिच्यावरच लिहून घ्या.

पैसे अडकलेच तर फोनवर भांडण्यात महिने घालवू नका. 'देतो म्हणालाय' या वाक्यावर लोक वर्ष काढतात, आणि ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांचीच आहे. आधी ईमेलनं लेखी मागणी करा, तारीख टाकून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथल्याच आयोगात दावा लावता येतो, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. ई-जागृती पोर्टलवर (आधीचं ई-दाखिल) घरबसल्याही तक्रार होते. सोबत पावती, बँकेचा उतारा आणि सगळे ईमेल तारखेच्या क्रमानं लावा. झेरॉक्स द्या, मूळ पावती कोणालाही देऊ नका.