नून साइट घेताना या चुका टाळा

नून साइट म्हणजे मध्यान्हाला सूर्याची उंची मोजून जहाजाचा अक्षांश काढणं. नवा कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, जहाजावर आला की पहिल्या आठवड्यात हे घडतंच. घड्याळात बाराला पाच कमी झाले की तो सेक्स्टंट (सूर्याची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं उपकरण) घेऊन ब्रिजच्या विंगवर, म्हणजे सुकाणूघराच्या बाजूच्या सज्जावर, धावतो, आरशातून सूर्याचं प्रतिबिंब क्षितिजाला टेकवतो, एक आकडा वाचतो आणि आत येऊन गणिताला बसतो. त्याचा अक्षांश चुकणार हे मला गणित न बघताच कळतं, कारण सूर्य अजून मध्यान्हाला आलेलाच नसतो.

आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. मुंबई ७२ अंश ५० मिनिटांवर. सूर्याला एक अंश पुढे सरकायला ४ मिनिटं लागतात, त्यामुळे मुंबईचा मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होतो. त्यातही फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य आणखी १४ मिनिटं उशिरा येतो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं लवकर. हे सगळं पाठ करायची गरज नाही. आल्मनॅकच्या (नाविक पंचांगाच्या) रोजच्या पानावर मेर पासची, म्हणजे सूर्य मध्यान्हाला येण्याची, वेळ छापलेली असते, तिला आपल्या रेखांशाचा हिशेब लावायचा. मी त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी विंगवर असतो आणि दर मिनिटाला एक आकडा लिहितो. सूर्य चढतो, थबकतो, उतरायला लागतो. तो उतरताना दिसेपर्यंत मी जागा सोडत नाही. ओळीने लिहिलेल्या आकड्यांत एखादा चुकलेला असला तर लगेच डोळ्यांत भरतो. एकुलता एक आकडा घेणाऱ्याला ती सोय नाही.

पण मला सगळ्यांत जास्त छळलेली चूक वेगळीच आहे. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. ऑर्डरची वाट बघत आम्ही रत्नागिरीच्या पश्चिमेला, १७ अंश उत्तरेवर, ड्रिफ्ट करत होतो. सूर्याची क्रांती, म्हणजे ज्या अक्षांशावर तो बरोबर माथ्यावर येतो तो, १८ अंश उत्तर; त्यामुळे मध्यान्हाला सूर्य आमच्या उत्तरेला, माथ्यापासून जेमतेम एक अंशावर. कॅडेट हुशार होता, गणितात पक्का. त्याने उन्नतांश (सूर्याची कोनातली उंची) ८९ अंश आणला, तो बरोबर होता. नव्वदातून वजा करून एक अंश उरला. तो त्याने क्रांतीत मिळवला आणि अक्षांश १९ काढला. रत्नागिरीसमोरचं जहाज कागदावर मुंबईसमोर जाऊन उभं राहिलं. चूक १२० सागरी मैलांची.

मी विचारलं, "सूर्य कुठे होता?"

"वर होता, सर."

"तुझं तोंड कुणीकडे होतं?"

त्याला सांगता येईना. आधीचे सगळे महिने सूर्य दक्षिणेला बघितलेला, त्यामुळे हात आपोआप बेरजेकडे गेला होता. सूर्य उत्तरेला असताना तो एक अंश वजा व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शेजारी उभं केलं. एरवी सेक्स्टंट डावी-उजवीकडे हलवला की सूर्य क्षितिजावर छोटी कमान काढतो आणि तिचा तळ सापडतो. माथ्यावरच्या सूर्याची कमान इतकी पसरट असते की तो क्षितिजाला घासत लांबवर जातो आणि माणूस त्याच्या मागे गोल फिरत राहतो. मध्यान्हाच्या आसपास ४ मिनिटांत सूर्याची दिशा जवळजवळ ४५ अंशांनी बदलते. इथे तो थबकण्याची वाट बघून भागत नाही. मी सकाळीच ठोकळ स्थानावरून ठरवतो की सूर्य उत्तरेला येणार की दक्षिणेला, आणि वहीत वर मोठा 'उ' किंवा 'द' लिहितो. मग, 'उ' असेल तर, जायरो रिपीटरवर (जायरो होकायंत्राच्या तबकडीवर) खरी उत्तर धरतो, त्या दिशेच्या क्षितिजावर नजर ठेवतो आणि सूर्याला तिथे येऊ देतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. इंडेक्स एरर (सेक्स्टंटच्या शून्यातली चूक) रोज तपासा, कालचा चालत नाही. आल्मनॅक युटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, आहे. मार्च आणि सप्टेंबरात क्रांती तासाला सुमारे एक मिनिट (अंशाचा साठावा भाग, अक्षांशात एक सागरी मैल) सरकते, त्यामुळे भारतीय वेळ घालून बघितलं तर साडेपाच मैल गेले. सूर्याच्या खालच्या कडेऐवजी वरची कडा टेकवली आणि दुरुस्ती खालचीच लावली, की ३२ मैल. डोळ्याची उंची १८ मीटर असेल तर डिप (उंचीवरून क्षितिज खाली दिसतं त्याची दुरुस्ती) साडेसात मिनिटांचा, आणि रिकाम्या जहाजावर ती उंची वाढते हे विसरू नका. मे महिन्यातल्या धुरकट हवेत खालच्या डेकवर उतरा, जवळचं क्षितिज स्पष्ट दिसतं. सूर्य थबकण्याच्या क्षणावरून रेखांश काढू नका. घड्याळाच्या एका मिनिटाची गफलत म्हणजे रेखांशात १५ मिनिटांची, म्हणजे पाव अंशाची, चूक.

आणि जीपीएस बघून साइटचा आकडा जुळवणं मला अजिबात खपत नाही. २०२५ च्या जूनमध्ये हॉर्मुझच्या आसपास अनेक जहाजांचे जीपीएस भरकटवले गेले. त्या वेळी ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसाला आपली साइट किती मैलांपर्यंत भरवशाची आहे हे माहीत असायला हवं, आणि जुळवलेल्या वहीतून ते कधीच कळत नाही. मी आधी साइटचा अक्षांश पेनने लिहितो, मग जीपीएसचा, शेजारी फरक. दोन मैल आला तर दोन, सात आला तर सात.