प्रेमकथेतला नायक आणि नायिका चुकणारे, तरीही हवेहवेसे कसे करावेत

प्रेमकथा लिहायला घेतली की पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचा नायक देखणा, कर्तबगार आणि आतून हळवा निघतो. नायिका हुशार, स्वाभिमानी आणि सुंदर असते, फक्त आपण सुंदर आहोत हे तिला ठाऊक नसतं. दोघं भेटतात, एकमेकांना आवडतात आणि तिसऱ्या प्रकरणापाशी घोडं पेंड खातं, कारण पुढे घडायला काही उरलेलंच नसतं. मग लेखक बाहेरून अडचणी मागवतो: गैरसमज, अपघात, ऐनवेळी उगवणारी जुनी मैत्रीण. गोष्ट लांबते, पण पुढे सरकत नाही.

प्रेमकथेचा शेवट वाचकाला पुस्तक हातात घेतानाच माहीत असतो. ही दोघं शेवटी एकत्र येणार आहेत. तरी तो पुस्तक वाचतो, कारण या दोघांचं जमणार कसं हे त्याला बघायचं असतं. ते अवघड वाटायला हवं आणि ते अवघड असण्याचं कारण त्या दोघांच्या स्वभावातच हवं. म्हणून कथानक आखण्याआधी दोष ठरवा.

१. दोष खोटा तर नाही ना, ते तपासा

'धांदरट आहे, सारखी अडखळते.' 'कामात फार बुडालेला असतो.' 'लोकांवर पटकन विश्वास ठेवते.' हे नोकरीच्या मुलाखतीत सांगायचे दोष झाले. ऐकणाऱ्याने मनात म्हणावं, वा, किती गोड!

खरा दोष ओळखायची सोपी चाचणी आहे. या दोषामुळे कुणाचं काय बिघडलं ते एका वाक्यात, त्या माणसाचं नाव घालून लिहा. वाक्य जमलं नाही तर तुमच्याकडे अजून दोष आलेला नाही. नुकसान फक्त त्याचं स्वतःचंच होत असेल, तर वाचकाला त्याची कीव येईल, राग येणार नाही. आणि आधी थोडा राग आल्याशिवाय पुढे माफ करण्यात काही मजा नसते.

या लेखापुरती एक जोडी घेऊ. मुक्ता फिजिओथेरपिस्ट आहे. ती इतरांच्या भल्यासाठी इतरांचे निर्णय परस्पर घेऊन टाकते. निरंजन वाद्यं दुरुस्त करतो. तो कशालाच नाही म्हणत नाही. सगळ्याला 'चालेल' म्हणतो आणि असह्य झालं की एक दिवस न सांगता निघून जातो.

२. हा दोष एकेकाळी कशासाठी उपयोगी पडला, ते शोधा

माणसं दोष हौसेने बाळगत नाहीत. तो कधीतरी कामाला आलेला असतो, म्हणून चिकटतो. मुक्ताच्या घरी मोठं आजारपण आलं, तेव्हा सगळे मोठे लोक गोंधळून एकमेकांची तोंडं बघत होते. शाळकरी मुक्तानेच डॉक्टरांशी बोलून काय करायचं ते ठरवलं. ते बरोबर ठरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हापासून कुणी दोन मिनिटं विचार करत बसलं की तिचा जीव घाबरा होतो. निरंजन सतत भांडणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये वाढला. 'चालेल' म्हटलं की घरात शांतता पसरते, हे त्याला फार लवकर कळलं.

एवढं पुरे. मोठमोठे आघात, अनाथपण, आधीच्या प्रेमातली भयंकर फसवणूक, यांची गरज क्वचितच पडते. शिवाय हा भूतकाळ पहिल्याच प्रकरणात ओतू नका. वाचकाला आधी त्या माणसाचा वैताग येऊ द्या, कारण नंतर कळू द्या. उलट क्रमाने सांगितलं की तो खुलासा न राहता वकिली होते आणि वकिली केलेली वाचकाला लगेच जाणवते.

३. दोन्ही दोष एकमेकांत अडकवा

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा इथे आहे आणि बहुतेक खर्डे इथेच कच्चे राहतात. लेखक नायकाला एक दोष देतो, नायिकेला दुसरा देतो आणि दोन्ही आपापल्या वाटेने जातात. त्याला राग फार येतो, तिला आत्मविश्वास कमी आहे. असेल, पण त्याच्या रागाचा तिच्या आत्मविश्वासाशी संबंध काय?

मुक्ता-निरंजनचं बघा. ती ठरवते, तो 'चालेल' म्हणतो. त्याच्या 'चालेल'मुळे तिला वाटतं, आपलं बरोबरच होतं. मग ती पुढच्या वेळी आणखी मोठी गोष्ट ठरवते. तो आणखी गप्प होतो. दोघांपैकी कुणीही वाईट नाही, तरी दोघं मिळून एका खड्ड्याकडे चाललेत. आणि सुरुवातीला याच गोष्टींमुळे ते एकमेकांना आवडले होते, हे विसरू नका. सगळ्यांकडून विचारणा होऊन होऊन थकलेल्या निरंजनला, न विचारता सगळं मार्गी लावणारी मुक्ता म्हणजे विसावा वाटली. कायम कुणाशी ना कुणाशी वाद घालणाऱ्या मुक्ताला हा शांत माणूस वाटला. ज्यावर जीव जडला, तेच पुढे मुळावर येतं.

जुळणी बरोबर झाली का, हे बघायला नायिका बदलून पाहा. निरंजनसमोर एखादी भिडस्त, संकोची मुलगी ठेवली तर त्याचा दोष जवळजवळ दिसतच नाही. मुक्तासमोर तो दोष ठळक दिसतो. म्हणजे जोडी बरोबर आहे.

इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) ही अडकवणूक कशी केलीय ते अभ्यासण्यासारखं आहे. कादंबरीची प्रकरणं ६१ आणि नायक डार्सी पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो ती ३४व्या प्रकरणात, म्हणजे मध्य नुकताच ओलांडल्यावर. प्रेम व्यक्त करता करता तो नायिका एलिझाबेथच्या घराण्याचा कमीपणाही तिला ऐकवतो. ती त्याला झिडकारते, पण तिने त्याच्यावर केलेल्या आरोपांतला एक मोठा आरोप खोट्या माहितीवर उभा असतो, कारण ती माहिती देणारा माणूस तिला गोड वाटला होता. तो वागण्यात चुकला, ती पारखण्यात. एकाच प्रसंगात दोघांचे दोष एकमेकांवर आदळतात आणि उरलेलं अर्धं पुस्तक त्या धक्क्यावर चालतं. तुमच्या आराखड्यातही असा प्रसंग मध्याच्या आसपास हवा. तो शेवटाकडे ढकलला, तर बदल दाखवायला जागाच उरत नाही.

४. विशेषणं काढा, प्रसंग लिहा

पहिल्या खर्ड्यातलं वाक्य साधारण असं असतं: 'मुक्ताला सगळं आपल्या हातात ठेवायची सवय होती. निरंजनला ते आवडत नसे, पण तो कधी बोलत नसे.' आता हेच घडताना बघू.

मुक्ताने फोन त्याच्यासमोर धरला. "वाच. निवड झाली तुझी."

"कशासाठी?"

"त्या शिष्यवृत्तीसाठी. तू अर्ज करणार नव्हतास, म्हणून मी केला. शेवटच्या दिवशी. सहीसुद्धा मीच..." ती हसली. "आता ओरडू नकोस हं."

निरंजनने पत्र खालपर्यंत वाचलं. सहा महिने. दुसरं शहर. त्याने पडद्यावर उमटलेला आपल्या अंगठ्याचा ठसा बाहीने पुसला आणि फोन परत दिला.

"छान झालं," तो म्हणाला.

"बघ! मला माहीतच होतं."

'हट्टी' किंवा 'अबोल' असा शब्द कुठेही आलेला नाही. मुक्ताने एकाच कृतीत त्याच्यावर माया केली आणि त्याच्या आयुष्यात घुसखोरीही केली. वाचकाला ती आवडते आणि तिचे कान उपटावेसेही वाटतात. निरंजनचा दोष 'छान झालं' या दोन शब्दांत आहे. तो पुसलेला ठसा वाचकाने पाहिला, मुक्ताने पाहिला नाही. त्यामुळे पुढे तो गायब होईल तेव्हा वाचकाला धक्का बसणार नाही, मुक्ताला बसेल.

इथे मोह होतो तो निरंजनच्या मनातली खळबळ लगेच चार ओळींत सांगायचा. तो आवरा. दोषाचा पहिला मोठा प्रसंग बाहेरूनच दिसू दे.

५. तरीही वाचकाने या पात्रांपाशी का थांबावं?

ऑस्टिनने 'एमा' ही कादंबरी लिहायला घेताना म्हटलं होतं, की माझ्याशिवाय फारशी कुणाला आवडणार नाही अशी नायिका मी घेते आहे. ही आठवण तिच्या भाच्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. एमा लोकांच्या सोयरिकी जुळवण्यात लुडबुड करते आणि एका सहलीत मिस बेट्स या गरीब, बडबड्या बाईचा सगळ्यांदेखत अपमान करते. तरी वाचक तिला सोडत नाही, कारण आपण सगळं तिच्याच डोळ्यांनी बघत असतो. तिचं चुकतंय हे कळतं, पण ते तिला बरोबर का वाटतंय हेही कळतं. आणि तिचा जुना स्नेही नाइटली याने सुनावल्यावर ती परतीच्या वाटेवर गाडीत रडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून थेट मिस बेट्सच्या घरी जाते. पश्चात्तापाचं भाषण नाही, पण पाय त्या घराकडे वळतात.

तुमच्या पात्राला निदान एका कामात खरं कसब द्या आणि ते पानावर दिसू द्या. निरंजन तडा गेलेल्या वाद्यावर कान ठेवून, हलकी टिचकी मारून दोष कुठे आहे ते सांगतो. हातात कसब असलेल्या माणसाचे दोष वाचक बराच काळ सहन करतो. विनोदबुद्धीही कामाला येते. भटक्या कुत्र्याला बिस्किट घालणारा तुसडा नायक मात्र आता पुरे. ते कुत्रं पुढच्या प्रकरणात कधीच दिसत नाही.

नायिकेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. नायक फटकळ असला तर वाचक त्याला 'स्वभावाने तसा, पण मनाचा चांगला' म्हणतो. नायिका तेवढीच फटकळ असली तर ती भांडकुदळ ठरते. त्यावर उपाय म्हणून तिला मऊ करू नका. दोघांची नावं अदलाबदल करून तोच प्रसंग वाचा. अदलाबदलीनंतर राग कमी झाला, तर गडबड प्रसंगात नाही, नजरेत आहे. मग तो प्रसंग तसाच ठेवा आणि तिच्या मनात काय चाललंय ते थोडं आधी दाखवा.

६. दोष आणि दहशत

पाठलाग करणं, मनगट धरून ओढणं, तिचा फोन चोरून तपासणं यांना प्रेमकथांनी बरीच वर्षं उत्कटता म्हणून खपवलं. मी तरी याला दोष म्हणणार नाही. समोरच्याला भीती वाटत असेल तर ती वेगळ्या प्रकारची गोष्ट आहे आणि तिचा शेवटही वेगळा असायला हवा. शंका आली तर एवढंच विचारा: ती 'नाही' म्हणाली, तर त्याची पुढची कृती काय? हाच प्रश्न नायिकेलाही लावा. मुक्ताने दुसऱ्याची सही केलीय, हे हसण्यावारी नेऊ नका. कथेत कुणीतरी तिला तोंडावर सांगायला हवं, की ही खोटी सही आहे.

७. बदल दाखवायचा तर तोच प्रसंग पुन्हा आणा

प्रेमात पडल्यामुळे स्वभाव सुधारत नाही, आणि जोडीदाराला उपचार करणारी परिचारिका केलं की दोघांचीही रया जाते. प्रत्येकाने आपापला बदल आपापल्या खर्चाने करावा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पहिल्या प्रसंगासारखाच प्रसंग दुसऱ्यांदा घडवणं. निरंजनच्या एका अर्जाची शेवटची तारीख आहे. अर्ज मुक्तासमोर उघडा पडलाय, सगळी माहिती तिला पाठ आहे. ती एकदा आठवण करते आणि गप्प बसते. तारीख उलटून जाते, संधीही जाते. बदलाचा पुरावा म्हणून हे गमावणं खरं असावं. दुसऱ्या दिवशी मुदत वाढल्याची बातमी आणलीत, तर केलेल्या सगळ्यावर पाणी.

निरंजनचा पहिला नकार अवघडलेला आणि भलत्या वेळी आलेला असू दे. भिंतीच्या रंगावरून चाललेल्या साध्या बोलण्यात तो एकदम, गरजेपेक्षा मोठ्याने 'नको' म्हणतो आणि स्वतःच दचकतो. नवी सवय पहिल्यांदा अशीच वाकडी येते. पावसात भिजत केलेला पानभर माफीनामा बहुतेकदा कापून टाकता येतो.

शेवटच्या प्रकरणातही दोष थोडा शिल्लक ठेवा. मुक्ता अजूनही 'मी फक्त विचारतेय' असं म्हणत अर्धा निर्णय सांगून टाकेल. फरक इतकाच, की आता निरंजन तिच्याकडे बघून हसेल आणि उरलेला अर्धा स्वतः ठरवेल.

८. खर्डा पूर्ण झाल्यावर

दोष दिसतो तेवढेच प्रसंग वेगळे काढून सलग वाचा. बऱ्याचदा आढळतं, की पहिल्या एक-तृतीयांश भागात दोष ठळक आहे, मग प्रेम जुळताच तो गुपचूप नाहीसा झालाय आणि भांडणाच्या प्रकरणात गरजेपुरता परत आलाय. मधल्या भागात, अगदी सुखाच्या प्रसंगांतही, त्याची एखादी लहर उमटू द्या.

मग खर्डा कुणाला तरी वाचायला द्या. 'पात्रं आवडली का?' असं विचारू नका. ओळखीची माणसं हो म्हणतात. विचारा, मुक्ताचा राग कोणत्या पानावर आला आणि कोणत्या पानावर गेला. दोन्ही पानं शेजारी शेजारी असतील तर दोष फार हलका झालाय. राग आला आणि गेलाच नाही असं उत्तर मिळालं, तर सातव्या पायरीवर परत जा. आणि राग आलाच नाही म्हणाले, तर पहिल्या.