नाशिक ढोलाची तबकडी कापताना या चुका टाळा

नाशिक ढोलाचे ध्वनिमुद्रण स्टुडिओतील स्पीकरवर दणदणीत वाजले, म्हणजे ते तबकडीवरही (विनाइल रेकॉर्डवरही) तसेच उतरेल, असे गृहीत धरू नये. तबकडीवर आवाज म्हणजे लॅकरमध्ये, म्हणजे मऊ लेप दिलेल्या मूळ चकतीत, कोरलेली खाच असते आणि त्या खाचेला खोली, रुंदी व लांबी यांच्या मर्यादा असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक ढोलाच्या खर्जात होते. गोदाकाठी पथक वाजत असताना दोन मायक्रोफोन एकमेकांपासून लांब ठेवले, तर खर्जाची लाट दोहोंपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचते आणि डाव्या-उजव्या वाहिन्यांची फेज, म्हणजे लाटांचे चढ-उतार, जुळत नाही. स्टीरिओ खाचेत दोन्ही वाहिन्यांतील समान भाग सुईला आडवे हलवतो, तर त्यांच्यातील फरक तिला वर-खाली हलवतो. म्हणून उलट फेजमधील जोरदार खर्जाने कटिंगची सुई उचलली जाते, खाच उथळ होते किंवा तुटते आणि ऐकणाऱ्याच्या घरी रेकॉर्ड उड्या मारते. मिक्स आधी मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र करून, ऐकावा. ढोलाचा दम तेथे ओसरत असेल, तर ट्रॅकच्या वेळा जुळवाव्यात आणि साधारण १५० हर्ट्झखालचा भाग मध्यभागी आणावा. कटिंग करणाऱ्यालाही हे करता येते. परंतु ट्रॅक सुटे असताना केलेली दुरुस्ती अधिक नितळ होते, असे माझे ठाम मत आहे.

ताशा आणि झांजांची अडचण वरच्या पट्टीतली आहे. आरआयएए वक्रानुसार (कापताना खर्ज दाबून वरची पट्टी उचलण्याच्या ठरलेल्या प्रमाणानुसार) १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १० किलोहर्ट्झचा आवाज सुमारे १३.७ डेसिबलने उचलला जातो. त्यामुळे कटिंग हेडची (कटिंगची सुई हलवणाऱ्या भागाची) कॉइल तापते आणि वाजवताना सुईला इतकी तीव्र वळणे पेलत नाहीत. झांजेची धार मिक्समध्येच डी-एसरने (फक्त तीक्ष्ण आवाज दाबणाऱ्या साधनाने) आवरावी. लिमिटरने (आवाजाची शिखरे दाबणाऱ्या साधनाने) सपाट केलेली फाइल मात्र पाठवू नये, कारण तिने तबकडीचा आवाज वाढत नाही.

क्रम लावतानाही घात होतो. ३३⅓ फेऱ्यांच्या १२ इंची तबकडीत खाचेचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, तर लेबलजवळ तो २१ सेंटिमीटरच्या आसपास उतरतो, म्हणजे तेवढाच आवाज कमी लांबीत दाटतो; आणि पथकाचे वादन नेमके शेवटी, याच अरुंद जागेत, शिगेला पोहोचते. अशा वेळी बाजू १८ मिनिटांच्या आत ठेवावी किंवा तो तुकडा दुसऱ्या बाजूच्या आरंभी घ्यावा.

मूळ लॅकर वाजवून पाहू नये, कारण सुईने त्याची मऊ खाच झिजते. पडताळणीसाठी वेगळे लॅकर कापून घ्यावे आणि त्यावरील शेवटची दोन मिनिटे सर्वांत आधी ऐकावीत.