बॅटरी जोडताना उडणारी ठिणगी कशी थांबवायची

७२ व्होल्टची बॅटरी इलेक्ट्रिक बाइकच्या कंट्रोलरला जोडताना ‘फट्ट’ आवाज होऊन ठिणगी उडते, तो बॅटरीचा दोष नसतो. कंट्रोलरच्या (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटच्या) इनपुटला मोठे कपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ चार्ज साठवणारे भाग, असतात. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखाच वागतो आणि करंट अडवायला वायर आणि सेलचा नगण्य रोध तेवढा उरतो. पूर्ण चार्ज बॅटरी (२० सेल सिरीजमध्ये, ८४ व्होल्ट) त्या क्षणी शेकडो अँपिअर ओतू शकते. पिनेचं टोक जळून काळे खड्डे पडतात. मग संपर्क कच्चा होतो, गाडी चालवताना पिन तापते आणि शेवटी कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं. काही बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) तर या झटक्याला शॉर्ट समजून आउटपुटच बंद करतात.

उपाय एकच: कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून हळू भरायचे, मग मुख्य जोडणी करायची. १०० ओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर पुरतो. ८४ व्होल्टला सुरुवातीचा करंट ०.८४ अँपिअरवर येतो आणि १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर अर्ध्या सेकंदात जवळपास पूर्ण भरतात. तरी दोन सेकंद थांबा.

क्रम असा:

१. चावी बंद. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.
२. निगेटिव्ह जोडा.
३. बॅटरीचा पॉझिटिव्ह रेझिस्टरमधून कंट्रोलरच्या पॉझिटिव्हला लावा. रेझिस्टरची उघडी टोकं हीटश्रिंकने (तापवल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या नळीने) झाकलेली हवीत.
४. रेझिस्टर लावलेला असतानाच दोन्ही पॉझिटिव्हमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने बघा. ते एक-दोन व्होल्टवर आलं की मुख्य पॉझिटिव्ह लगेच जोडा आणि रेझिस्टर काढा.

हा फरक खाली येतच नसेल तर मुख्य जोडणी करू नका. एक तर कंट्रोलर चालू राहिलाय, नाहीतर आत काहीतरी शॉर्ट आहे. पूर्ण शॉर्ट असेल तर त्या रेझिस्टरवर सतत ७० वॉट पडतात आणि तो जळतो. म्हणूनच चावी बंद असण्यावर एवढा भर.

रोज बॅटरी काढणाऱ्यांनी सरळ एक्सटी९०-एस हा ठिणगी रोखणारा कनेक्टर बसवावा. त्याच्या हिरव्या कडीच्या मादी भागात ५.६ ओहमचा रेझिस्टर असतो. हा भाग बॅटरीकडे घ्या, म्हणजे उघडी पिन जिवंत राहत नाही. कनेक्टर अर्धा आत गेला की क्षणभर थांबा, मग पूर्ण दाबा. एका झटक्यात खुपसला तर फायदा निम्मा जातो. काही महिन्यांनी ठिणगी परत दिसायला लागली आणि तीही पिन पूर्ण आत जाताना, तर आतला रेझिस्टर उडालाय असं समजा आणि कनेक्टर बदला. चावी चालू ठेवून जोडण्याची सवय त्याला हमखास मारते.

दोन बॅटऱ्या पॅरलल जोडताना उडणारी ठिणगी मात्र वेगळी. तिथे कपॅसिटरचा संबंध नाही, दोन पॅकच्या व्होल्टेजमधला फरक करंट ढकलतो. एक्सटी९०-एस तिथे कामाचा नाही, कारण पूर्ण दाबताच रेझिस्टर बाजूला पडतो आणि सगळा करंट मोकळा वाहतो. आधी दोन्ही पॅक मोजून एकाच व्होल्टेजवर आणा.

काढतानाही चावी आधी बंद करा. लोड चालू असताना पिन ओढली तर डीसी करंटचा आर्क ओढला जातो आणि तो जोडतानाच्या ठिणगीपेक्षा जास्त वेळ टिकतो. बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरचे कपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात. वायरिंगला हात घालायचा असेल तर तोच १०० ओहमचा रेझिस्टर इनपुटच्या दोन टोकांमध्ये धरा आणि मल्टिमीटरवर शून्य दिसल्याशिवाय पाना उचलू नका.