प्रवासी सीपॅपचा आवाज तोलताना या चुका टाळा

परभणीला मामेबहिणीच्या लग्नात आम्ही दहा-बारा जण मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो होतो. मध्यरात्री बाबांच्या छोट्या सीपॅपची, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची, शिट्टी सुरू झाली, मावशी दचकून उठली. बाबा इतके ओशाळले की मास्क काढून तसेच झोपले. ज्या माणसाचा श्वास झोपेत अडतो, त्याने लाजेपायी मास्क काढावा, हे मला आजही टोचतं. चुका आमच्याच होत्या.

खोक्यावरचा आकडा बघून घेणं. एअरमिनी या प्रवासी सीपॅपच्या माहितीपुस्तिकेत आवाजाचे दोन आकडे आहेत, 30 आणि 38 डेसिबल. 30 हा एक मीटरवर पोचणारा आवाज, 38 ही यंत्रातून निघणारी एकूण ध्वनिशक्ती. एका यंत्राचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा शेजारी ठेवला, तर तुलना फसते. घरी वापरायच्या एअरसेन्स 10 या मोठ्या सीपॅपचा एक मीटरवरचा आकडा 26.6 आहे. फरक किरकोळ वाटतो, पण 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जेमतेम 300 ग्रॅमच्या डबीत आवाज दाबायला जागा तरी किती असणार?

शिवाय हे माप 10 च्या प्रेशरवर (हवेचा दाब, सेंटिमीटर पाणी या एककात) घेतलेलं असतं. बाबांचं प्रेशर 14. प्रेशर वाढलं की मोटर आणि हवा दोन्हींचा आवाज वाढतो. आणि हॉलमध्ये यंत्र एक मीटर लांब कुठलं, उशीला लागून! अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत साधारण 6 डेसिबल वाढतात. लांब नळी घेऊन यंत्र पायथ्याशी ठेवता येतं का, ते आधी बघा.

शिट्टीचा दोष यंत्राला देणं. आमची शिट्टी मास्कच्या कडेतून येत होती. मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ उशी जुनी झालेली, त्यात मिशा. आम्ही पट्टे आवळले, तर कड दुमडून गळती आणखी वाढली. मास्क बसवायचा तो आडवं होऊन, हवा चालू असताना, पट्टे थोडे सैल ठेवून. मास्कवरची बारीक छिद्रं मात्र कधीही बुजवू नका. त्यांतूनच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो.

भर दुपारी, पंख्याखाली आवाज ऐकणं. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही. नंदिग्राम एक्सप्रेसच्या डब्यातही यंत्र खडखडाटात बुडून जातं. खरी परीक्षा थंडीतल्या शांत रात्रीची, म्हणून कूलर-पंखा बंद करून, स्वतःच्या प्रेशरवर, स्वतःचा मास्क लावून ऐका. दुसऱ्या कुणाला तरी शेजारी झोपवा.

लोखंडी कपाटावर यंत्र ठेवलं की थरथर घुमते. खाली घडी केलेला टॉवेल घाला, पण हवा आत जायची जाळी मोकळी ठेवा. गोधडीत गुंडाळणं तर नकोच. शेतातली धूळ फिल्टरमध्ये अडकली की हवेची वाट अडते, त्यामुळे गावी निघण्याआधी फिल्टर बघा.

तुळजापूरच्या मुक्कामात बाबांनी नवी उशी लावलेला मास्क घातला, यंत्र पायथ्याशी ठेवलं. मावशी शेजारच्याच गादीवर होती. सकाळी तिनेच त्यांना हाक मारून उठवलं.